विंडोज १० संपलं, पण परीक्षा, फॉर्म आणि सही अजून विंडोजवरच: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) वापरणाऱ्या नागरिकांना सरकारी कामांत येणाऱ्या अडचणींबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कराडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. फॉरमॅट मारणं, एसएसडी टाकणं, प्रिंटर जोडून देणं, असली कामं. अनुदान मागायला हे पत्र लिहीत नाही आणि मला नवीन योजनाही सुचवायची नाही. आपल्या खात्यातून आणि शेजारच्या दोन-तीन खात्यांतून काही कागद निघाले, तर लोकांच्या घरातली धडधाकट मशीनं भंगारात जायची थांबतील, एवढंच म्हणणं आहे. ते मांडायला मात्र थोडी जागा लागेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे आता टाकून द्यायचं का?" समोर ठेवलेलं मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, मुलगा अकरावीला गेला तेव्हा घेतलेला डेस्कटॉप. नाहीतर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी लॅमिंग्टन रोडवरून आणवलेला सेकंडहँड लॅपटॉप. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीची जवळपास सगळी मशीनं यादीबाहेर. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेच्या अपडेटची वाढीव मुदत दिली आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

विंडोज १० बंद पडत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. ते चालूच राहतं, फक्त सुरक्षेची ठिगळं लागायची थांबतात, आणि त्याच मशीनवर बँकेचं पान उघडायचं असतं. त्यात आमच्या धंद्यातली एक उघड गोष्ट, जी मंत्रालयात कुणी बोलणार नाही: घरातल्या कित्येक मशीनांवरचं विंडोज कधी विकत घेतलेलंच नसतं. कुठल्या तरी वेबसाइटवरून उतरवलेला, विंडोज फुकटात चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर चालवलेला असतो. त्या ॲक्टिव्हेटरबरोबर आणखी काय आत आलं, ते कुणालाच माहीत नसतं.

अशा मशीनवर मी लिनक्स मिंट टाकतो. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर बांधलेली ही सिस्टीम २००६ पासून आहे, फुकट आहे, आणि विंडोज सेव्हन वापरलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, डेस्कटॉपवर फोल्डर. तिची सिनॅमन आवृत्ती चार जीबी रॅमवर बरी चालते; रॅम दोनच जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकायची. हार्डडिस्कच्या जागी साधी एसएसडी बसवली की दहा वर्षांपूर्वीचं मशीन असं उठतं की गिऱ्हाईक दोनदा विचारतं, "प्रोसेसर तोच आहे ना?" मिंटच्या बावीस नंबरच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आधी वापरून बघता येतं. अख्खी सिस्टीम असलेली साधारण तीन जीबीची आयएसओ फाइल रूफस किंवा एचर या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर चढवायची आणि मशीन सुरू होताना एफ-१२ दाबून त्यावरून चालू करायचं. (कंपनीगणिक ही की बदलते. कुठे एफ-९, कुठे एस्केप. पहिली दहा मिनिटं यातच जातात.) एवढं करून हार्डडिस्कला हातही लागलेला नसतो. गिऱ्हाइकालाच खुर्चीत बसवतो, वायफाय जोडायला सांगतो, यूट्यूब लावायला सांगतो. आवाज, कॅमेरा, प्रिंटर बघून घेतो. पसंत पडलं तर इन्स्टॉल करायचं, नाहीतर पेनड्राइव्ह काढायचा, विंडोज होतं तसंच आहे. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवता येतात, पण त्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं लागतं. ते राहिलं तर लिनक्समधून डी ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यावर काही लिहिता येत नाही, आणि रात्री फोन येतो की फोटो अडकले.

अडचणी येतात. काही जुन्या लॅपटॉपांचं वायफाय पहिल्या झटक्यात लागत नाही. मोबाइल यूएसबीने जोडून नेट द्यायचं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून त्याचा ड्रायव्हर घ्यायचा. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर आहे, तो लिनक्सवर जुळवताना घाम फुटतो. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला आणि कोरलड्रॉवर फ्लेक्स करणाऱ्याला तर मी लिनक्स देतच नाही. लिनक्सवाल्यांमध्ये एक जमात अशी आहे की समोरच्याचं काम काय हे न विचारताच तिला त्याचा उद्धार करायचा असतो. त्या जमातीने लिनक्सचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या कंपनीनेही केलं नसेल.

पण ज्या घरात बँक, रेल्वेचं तिकीट, मुलांचा अभ्यास, फोटो आणि व्हॉट्सॲप वेब एवढंच आहे, तिथे काहीही अडत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स इथेही तेच आहेत. सातबारा निघतो, वीजबिल भरता येतं, महाडीबीटीचा अर्ज जातो, डिजिलॉकर उघडतं, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये वाचता येतात. मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. की-बोर्डच्या यादीत मराठी निवडलं की इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण की-बोर्ड मांडणी, हजर. आपल्या सरकारच्या ज्या सेवा ब्राउझरमध्ये चालतात त्यांना समोर कुठली सिस्टीम आहे याचं देणंघेणं नाही, आणि याबद्दल ते पोर्टल बांधणाऱ्यांना मनापासून दाद द्यायला हवी.

अडतं ते ब्राउझरच्या बाहेर.

कुठल्यातरी कार्यालयातून अर्जाचा नमुना वर्ड फाइलमध्ये येतो आणि तो कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी. खरं तर तो फॉन्ट नसलेल्या कोऱ्या विंडोजवरही हीच खिचडी दिसते. पण घरी नुकतंच लिनक्स आलेलं असतं, त्यामुळे खापर त्याच्यावर फुटतं. युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी सारखीच दिसेल अशी पद्धत) वापरा असं शासनाने सांगून कितीतरी वर्षं झाली. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रासारखा सुबक युनिकोड फॉन्ट मोफत देऊन ठेवला आहे. तरी टेबलावरच्या क्लार्कचा हात जुन्या फॉन्टवरच जातो, कारण त्याला टायपिंग तसंच शिकवलेलं असतं. याच्याच जोडीला माहिती भरायच्या एक्सेल फाइली. त्यांत मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम) घातलेले असतात आणि लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे एमएस ऑफिसच्या जागी वापरायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, त्यांतली बटणं बऱ्याचदा मुकी होतात. एक गुरुजी केवळ अशा फाइलींसाठी लॅपटॉपवर विंडोजचा कोपरा राखून आहेत.

मग डिजिटल सही. टोकन (सही साठवलेली, पेनड्राइव्हसारखी वस्तू) यूएसबीला लावलं की त्याबरोबर सही करून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते पुष्कळदा फक्त विंडोजसाठी बनवलेलं असतं. छोटा कंत्राटदार किंवा एखाद्या संस्थेचा सचिव बाकी सगळं लिनक्सवर करू शकतो, या एका सहीसाठी त्याला शेजारच्या सायबर कॅफेत टोकन आणि पिन दोन्ही घेऊन जावं लागतं. सुरक्षेसाठी आणलेली वस्तू अशी परक्याच्या मशीनला लागते.

या दोन्हींपेक्षा जास्त मशीनं परत विंडोजवर जातात ती परीक्षेपायी. आई विचारते, "क्लासला वर्ड शिकवतात, घरी हे लिब्रेऑफिस. पोरगी सराव कशावर करणार?" या प्रश्नापुढे माझं काही चालत नाही. एमएस-सीआयटी ही राज्याची कॉम्प्युटर साक्षरतेची परीक्षा २००१ पासून आहे, खेड्यापाड्यांत पोचलेली आहे, तिने लाखो लोकांची माउसची भीती घालवली. तिचं श्रेय कुणी नाकारू नये. पण ती शिकवली जाते विंडोज आणि एमएस ऑफिसवर, आणि सरकारी नोकरीच्या जाहिरातीत तिचं प्रमाणपत्र मागितलं जातं. त्यामुळे घरातला कॉम्प्युटर कसा असावा हे नकळत परीक्षाच ठरवते. टंकलेखनाच्या क्लासमध्येही तेच.

गंमत पुढे आहे. त्याच जाहिरातीत एमएस-सीआयटीच्या शेजारी सीसीसी हा पर्याय लिहिलेला असतो. सीसीसी म्हणजे केंद्राच्या नायलिटचा अभ्यासक्रम, आणि त्यात आज लिब्रेऑफिस शिकवतात. म्हणजे लिब्रेऑफिस शिकलेला उमेदवार महाराष्ट्र शासनाला चालतो, फक्त महाराष्ट्राच्या स्वतःच्या परीक्षेत त्याला ते वापरता येत नाही.

केरळने हे कोडं उलट्या टोकाने सोडवलं. तिथे २००१ च्या सुमारास आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत शाळांतले कॉम्प्युटर लिनक्सवर गेले. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाची काइट ही सरकारी कंपनी झाली. उबुंटूवर आधारलेली स्वतःची काइट जीएनयू लिनक्स ती शाळांना देते, मुलांची पुस्तकं त्यावरच्या सॉफ्टवेअरना धरून लिहिलेली असतात आणि दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच होते. तिथलं पोर घरी आल्यावर बापाला सांगतं की हे आम्हाला येतं. मला इकडे आईला समजवावं लागतं. दोन्हीकडची माणसं सारखीच आहेत, फरक शाळेतल्या मशीनचा.

केंद्राकडे बघायचं तर २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण आलं आणि २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण. बॉस नावाची लिनक्स २००७ पासून आहे, भारतीय भाषांसकट. ती बनवली केंद्राच्या सी-डॅक या संशोधन संस्थेने, आणि सी-डॅकचं मुख्यालय आहे पुण्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. (घरासाठी मी बॉस सुचवत नाही, मिंटच सुचवतो; अडल्यावर मिंटची उत्तरं पटकन सापडतात. पण सरकारला स्वदेशीचा आग्रह असेल तर तीही सोय घरातच आहे.)

सगळी सरकारी कार्यालयं लिनक्सवर न्या, असं मी म्हणत नाही. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने पंधरा हजारांच्या आसपास मशीनं लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. तसली घोडदौड आपल्याला परवडणारी नाही. माझी मागणी नागरिकाच्या बाजूची आहे. नागरिकाला द्यायचा प्रत्येक नमुना युनिकोडमध्ये असावा आणि पीडीएफ किंवा ओडीटी (लिब्रेऑफिसचं खुलं फाइल-स्वरूप) स्वरूपात मिळावा. कृतिदेवमधली फाइल वेबसाइटवर चढवायलाच मनाई असावी. मॅक्रोवाल्या एक्सेलऐवजी ब्राउझरमधला फॉर्म द्यावा. राज्य शासन जे पोर्टल किंवा सॉफ्टवेअर बनवून घेतं त्याच्या निविदेत एक ओळ घालावी की नागरिकाच्या बाजूचा प्रत्येक भाग, सहीच्या सॉफ्टवेअरसकट, लिनक्सवर चालवून दाखवल्याशिवाय अंतिम बिल निघणार नाही. काम करून देणाऱ्यांना ते जमतं. मागितलं जात नाही म्हणून दिलं जात नाही.

आयटीआयमध्ये वर्षातून एखादा दिवस लोकांनी घरचा लॅपटॉप घेऊन यावं आणि पोरांनी त्यावर लिनक्स टाकून द्यावं, असंही करता येईल. आमच्यासारखे दुकानदार पेनड्राइव्ह घेऊन येतील. पण हे झालं नाही तरी मी रुसणार नाही.

एमएस-सीआयटीत लिब्रेऑफिसचा पर्याय मात्र हवाच. उमेदवाराने अर्ज भरताना कुठल्या ऑफिसवर परीक्षा देणार ते निवडावं. पत्र लिहिणं, तक्ता करणं, बेरीज लावणं दोन्हीकडे सारखंच तपासता येतं. टंकलेखनाच्या परीक्षेत इनस्क्रिप्ट घेऊन लिनक्सवर बसण्याची मुभा असावी. केंद्रांवर त्यासाठी नवीन मशीनं लागणार नाहीत, आहेत त्यांवरच दुसरी सिस्टीम शेजारी टाकता येते. यातलं एकच करणार असाल तर हे करा. फॉन्टची आणि ड्रायव्हरची भानगड आम्ही दुकानात कशीबशी निस्तरतो. परीक्षेचा नियम आमच्या हातात नाही.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला,
कराड, जि. सातारा