तो मेसेज अजून तिथंच आहे

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा परवाचा तो भडकाऊ मेसेज काढ म्हटलं, तर ‘मी नुसता ॲडमिन’ म्हणत काल तू रागानं फोन ठेवलास. ग्रुपचा विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तुझं म्हणणं खोटं नाही. नुसतं ॲडमिन असणं हा गुन्हा नाही, हे नागपूर खंडपीठानं 2021 मध्येच सांगितलं. फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मेटा कंपनीनंही जानेवारी 2025 मध्ये फेसबुकवरच्या द्वेषाच्या मजकुराचे नियम सैल केले. पण व्हॉट्सॲपवरचं कंपनीला आधीपासूनच वाचता येत नाही. तिथं सगळ्यात आधी तू बघतोस. आपल्याकडं एका वाक्यात मराठी, तेलुगू, दखनी. टोपणनावात गुंडाळलेली शिवी यंत्राच्या हातून सुटते, तुला लगेच कळते.

मंगळवेढ्याकडचे ते पाच जण आठव. पोटासाठी धुळ्याकडं गेलेले. 1 जुलै 2018, राईनपाडा. मुलं पळवणारे समजून जमावानं जिवे मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं केलं, 2020 मध्ये खूप फिरलेल्या मेसेजला एकच. पण स्क्रीनशॉट काढून टाकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. परवाचा तसाच होता, वर खूप फिरल्याची दोन बाणांची खूण नव्हती.

2018 मध्ये तू सातवीत. त्याच अफवेपायी आई तुला शाळेतून आणायला यायची, तू मित्रांसमोर लाजायचास. आपल्या घरातूनही तो अफवेचा मेसेज आत्याकडं गेला होता, रोहन.

आधी नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घे. मग मेसेज दाबून धरून रिपोर्ट कर, तेव्हाच शेवटचे पाच मेसेज कंपनीकडं जातात. सगळ्यांसाठी डिलीट शेवटी. आधी डिलीट केलास तर हातात पुरावा राहत नाही. निषेध म्हणूनसुद्धा दुसरीकडं टाकू नकोस. फारच तापलं तर एक रात्र मेसेज टाकणं फक्त ॲडमिनना ठेव. नगरसेवकावरची टीका मात्र काढायची नाही. पालघरच्या दोघी मुलींना 2012 मध्ये एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली होती. त्यात लावलेलं आयटी कायद्यातलं 66अ कलम सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये रद्द केलं.

पुन्हा शिकवत बसलो, माफ कर. चारशे माणसं तुझा शब्द मानतात, याचा अभिमान आहे. म्हणूनच झोप लागत नाही.

शेंगाचटणीचा डबा घट्ट लाव. गड्ड्याच्या जत्रेला चार दिवस काढून ये, धाकटी वाट बघतेय.

तो मेसेज सकाळी पाहिला. अजून ग्रुपवरच आहे.

तुझे,
आण्णा