व्हिएन्नातलं घर

ती. आई-बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगितलं असतं, तर आई "बरं बाई, तुला योग्य वाटेल ते" म्हणाली असती आणि पुढचं राहूनच गेलं असतं. व्हिएन्नातलं घर मी भाड्याने घेतलं. करार ३ वर्षांचा आहे. लगेच मनाला लावून घेऊ नका, इथे मुदतीचा करार त्याहून कमी होतच नाही. वर्ष सरलं की ३ महिन्यांची नोटीस देऊन भाडेकरू मोकळा. परत यायची वाट बंद केलेली नाही मी.

कंपनीने डब्लिन, म्युनिकही विचारलं होतं. डब्लिनला एका बेडरूमला महिन्याला २००० युरो सहज जातात. म्युनिकला नवं घर चौरस मीटरला २० युरोंच्या वरच, हीटिंग वेगळं, आणि पुष्कळदा स्वयंपाकघरात नुसत्या भिंती. ओटा-सिंक आपण आणायचं. इथे ५२ चौरस मीटर ९४० युरोंत मिळालं. बाबा, शंभराने गुणू नका! पगारही युरोतच येतो.

शंभर वर्षांपासून इथली महापालिका घरं बांधतेय. निम्मं शहर तिच्या नाहीतर अनुदानाच्या घरांत राहतं. कार्ल-मार्क्स-होफ ही त्यांची १९३०ची इमारत किलोमीटरभर लांब आहे. ती बघून तुम्ही म्हाडाच्या लॉटरीवर पुन्हा तासभर बोलाल. आम्हा नवख्यांना त्यातलं मिळत नाही, पण महापालिकेमुळे बाकीचे मालकही जरा धाकात असतात.

आई, गुडघ्यांचं. घर म्हणायला पहिल्या मजल्यावर, पण हे लोक मध्ये दोन मजले मोजतच नाहीत, त्यामुळे जिने तीन. लिफ्ट आहे. अरुंद आहे, पण तुम्ही दोघं मावाल. नळाला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी येतं, बाबांच्या पोटाला सोसेल. मागची उन्हाची खोली तुमची, तिथे मी काहीच ठेवलेलं नाही. पहिल्या रात्री मी तिथेच झोपले. बाबा पांघरूण पायाखाली दुमडून द्यायचे ना, तसं स्वतःच दुमडून घेतलं.

डिपॉझिटमध्ये ३ महिन्यांचं भाडं गेलं, म्हणून दिवाळीला यायला जमणार नाही. फेब्रुवारीत नक्की. तोवर आईने थायरॉइडची गोळी चहाच्या आधी घ्यायची, चहासोबत नाही. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही, फराळाचे डबे शेजारच्या मुलाकडून काढून घ्यायचे. आणि दोघांनी पासपोर्टची मुदत बघून मला आजच कळवायची. संपत आली असेल तर तुमचा इकडे यायचा व्हिसा अडेल.

तुमची,
छकुली