हे कसलं वाचन?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात मी घणसोलीऐवजी कोपरखैरण्याला उतरले. ठाण्याहून सुटलेल्या लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली होती, कानात कादंबरी चालू होती आणि नायिकेने नुकतंच सासऱ्यांच्या नावाचं पत्र फोडलं होतं. ऐरोली, रबाळे कधी गेलं कळलंच नाही. उलट गाडीची वाट बघत बाकावर बसले, तेवढ्यात पत्रात काय होतं तेही कळलं.

पूर्वी रात्री अंथरुणावर पडून वाचायचे, तर तिसऱ्या पानाला पुस्तक तोंडावर आपटायचं. आता मेथी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना ऐकते. भांडी घासताना मात्र नाही, नळाच्या आवाजात अर्धी वाक्यं वाहून जातात.

माझे दीर म्हणतात, "हे कसलं वाचन? आयतं कानात ओतून घ्यायचं!" माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. श्रावणात शेजारच्या काकू शिवलीलामृत वाचायच्या, ते ऐकून ऐकून तिचा अकरावा अध्याय पाठ झाला होता. तिला कुणी आळशी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

शिवाय पानावर दिसत नाही ते कानाला सापडतं. 'चिमणीचा चारा' एवढे दोनच शब्द घ्या. पहिला 'च' तालव्य, म्हणजे 'चहा'तल्यासारखा, पुढचे दोन दंततालव्य, 'चोर'मधल्यासारखे, पण लिपीत तिघांना अक्षर एकच. चांगला वाचणारा ते न चुकता बोलतो. यंत्राच्या आवाजातलं एक पुस्तक मी लावून पाहिलं, त्यात तिन्ही 'च' एकाच साच्यातले. पाच मिनिटांत बंद केलं.

आणि ही नुसती चैनही नव्हे. अमेरिकेत 1930च्या दशकात बोलकी पुस्तकं निघाली ती अंधांसाठी. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम 15 मिनिटांचा मजकूर, म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांचा गठ्ठाच. आपल्या कॉपीराइट कायद्यातही 2012च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी श्राव्य प्रत काढायची मुभा दिली आहे. माझ्या सासूबाईंचं वाचन काचबिंदूने सुटलं. आता त्या दिवसाला तीन-तीन तास ऐकतात, पण ॲप उघडून द्यायला कुणीतरी लागतं. दुपारी ऑफिसात फोन येतो, "अगं, ते मधेच बंद पडलं." मग मी इकडून सांगते, हिरवं बटण, नाही, त्याच्या खालचं.

मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून जपणाऱ्या ठाण्यातल्या आणि आमच्या नवी मुंबईतल्या वाचनालयांनी आठवड्यातली एक दुपार यासाठी ठेवावी. ज्येष्ठांनी फोन घेऊन यावं, कुणी तरुण सभासदाने शेजारी बसून पुस्तक लावायला शिकवावं. खर्च फार तर चहाचा. सासूबाईंना विचारलं, याल का? म्हणाल्या, "येईन की. पण त्या मुलाला सांग, आधी आवाज मोठा कसा करायचा ते दाखव."

आपली,
एक वाचक, घणसोली