चाचा, तुमच्या वहीचे आभार

चाचा, सलाम.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, मला ठाऊक आहे. मोबाइल पुढं केला की "ये शिशा मेरे काम का नै" म्हणून तुम्ही पान्याकडं वळता. नातवाला सांगून ठेवलंय, दुपारच्या चहाला वाचून दाखव म्हणून. आभार घरी येऊनही मानता आले असते. पण तुमचं नुकसान चारचौघांत झालं, तर आभारही चारचौघांतच मानावेत.

नोव्हेंबर 2021. एसटीचा संप लागलेला आणि आईच्या डोळ्यांसाठी परभणी-जालना फेऱ्या सुरू. पट्टी बांधलेल्या म्हातारीला रेल्वेच्या गर्दीत चढवायचं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. कापसाला त्या वर्षी भाव बरा होता. हातात लाखाच्या आतबाहेर पैसे होते. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका ऑटो कन्सल्टंटकडं पांढरी शुभ्र मारुती आठशे उभी होती, 2010 ची, मीटरवर 46,000. टायर काळेकुळकुळीत, आत अत्तराचा वास. मी जवळजवळ विसार देऊनच आलो होतो. मेव्हणा म्हणला, एकदा गॅरेजवाल्या चाचांना दाखव.

तुम्ही बॉनेट उघडलंच नाही. मला वाटलं, म्हातारा टाळतोय. ड्रायव्हरचं दार उघडून तुम्ही खाली वाकलात आणि क्लचच्या पेडलवरचं रबर अंगठ्यानं चाचपलंत. एका बाजूनं पार गुळगुळीत. मग स्टेअरिंग, मग सीटची खचलेली कड, मग दार थोडं उचलून बिजागरीचा खेळ. टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात हे मला त्या दिवशी कळलं. 1816 असेल तर 2016 सालातला 18 वा आठवडा. म्हणजे ते काळेभोर टायर पाच वर्षं जुने आणि वरून पॉलिश मारलेले. दारांच्या काचांवर कोपऱ्यात बारीक खुणा असतात, त्यात एक काच बाकीच्यांहून वेगळी निघाली. "ये बाजू से ठुकी है," एवढंच बोललात.

मग हात पुसून तुम्ही आत गेलात आणि ती वही आणलीत. लाल पुठ्ठ्याची, ग्रीसचे डाग पडलेली, दुकानदार उधारीला ठेवतात तसली लांबट. नंबरचे शेवटचे चार आकडे, तारीख, किलोमीटर, काय केलं. पानं उलटत 2017 वर थांबलात. तोच नंबर. क्लच प्लेट, 1,12,000.

चार वर्षांत गाडी 66,000 किलोमीटर मागं चालली होती!

"मीटर को क्या, कल का छोकरा बी पिछे कर देता," तुम्ही म्हणालात, आणि हे त्या कन्सल्टंटच्या पोराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तो गाडी घेऊन निघून गेला. मी नुसता वाचलो म्हणून खूश होतो. दर आठवड्याला दोन-तीन गाड्या कामाला पाठवणारं ते गिऱ्हाईक त्या दिवसापासून तुमच्याकडं फिरकलं नाही, हे मला वर्षभरानं मेव्हण्याकडून कळलं. तुम्ही कधी शब्द काढला नाहीत. तपासणीचे 200 रुपये मी दिले, त्यातले 100 परत केलेत, "गाडी तो ली नै ना" म्हणून.

माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो, त्याला ही गोष्ट सांगितली तर तो हसायलाच लागला. तिकडं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी, एमओटी म्हणतात तिला. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की आधीच्या तपासण्या फुकट दिसतात. कधी पास, कधी नापास, कशासाठी नापास, मीटर तेव्हा किती होतं. शिवाय "आज चालेल, पण याच्यावर लक्ष ठेवा" असे शेरे. म्हणजे मीटर मागं नेलं तर दोन ओळींत उघडं पडतं.

आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते, तेवढ्यात तिचे ब्रेक कुणी सरकारी माणूस बघत नाही. पीयूसी होते, पण ती धुराची. टॅक्सी-टेम्पोला फिटनेस लागतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी, घरच्या गाडीला नाही. ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आहे का, एवढं कळतं. तेही बघावंच, विशेषतः कर्जाचा एचपी, म्हणजे बँकेचा बोजा, आरसीवरून उतरवलाय का ते. पण क्लच प्लेट कधी बदलली हे तिथं कोण लिहिणार? ते तुमच्या वहीत होतं. कुणी सांगितलं नसताना, कुणी पैसे देत नसताना, तुम्ही तेवीस वर्षं लिहीत होतात.

दुसरी गाडीही वहीनंच शोधली. तुम्हीच म्हणालात, सेलूच्या एका रिटायर मास्तरांची आठशे आहे, 2009 ची, विकायची म्हणत होते. आम्ही बघायला गेलो तर माझं तोंड उतरलं. लाल रंग उन्हानं गुलाबी झालेला, डावीकडचं बंपर दोरीनं बांधलेलं, एसी नाही. मीटरवर 98,000. वहीत त्याच गाडीच्या नऊ नोंदी, आणि आकडे पायरी-पायरीनं चढत गेलेले. टायमिंग बेल्ट 80,000 ला बदललेला. तुम्ही पायाखालची मॅटिंग उचलून पत्रा टोकदार पेचकसानं टोचून बघितलात, ड्रायव्हरच्या बाजूला एक भोक पडलं. मास्तरांचा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, "येच्च लेना. इसकी बीमारी मालूम है."

मग सिगारेटच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला मला तीन रकाने काढून दिलेत: आत्ता, पावसाळ्याआधी, चालू दे. 'आत्ता'मध्ये पुढचे ब्रेक पॅड, रेडिएटरचा होज आणि ते भोक. 'पावसाळ्याआधी' वायपर आणि सायलेन्सर. 'चालू दे'मध्ये रंग, बंपर आणि, तुमच्याच शब्दांत, "मालिक का नखरा". इंग्लंडातल्या त्या शेऱ्यांत आणि या पाकिटात मला तरी फरक दिसत नाही. पाकीट अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये 15 वर्षं भरली. लोक म्हणले भंगारात घाल. एप्रिल 2022 पासून कारच्या पुनर्नोंदणीची फी 600 ची 5,000 झाली, वर पर्यावरण कर, म्हणजे गाडीच्या किमतीच्या मानानं थोडं नव्हतं. पण तुम्ही हिशेब मांडून दाखवलात की पाच वर्षांची मुदत मिळते, आणि तेवढ्यात दुसरी जुनी गाडी घेऊन तिचे रोग नव्यानं शोधण्यापेक्षा हे स्वस्त. आरटीओच्या तपासणीच्या आदल्या रात्री रॉकेलनं चेसिस नंबर घासून काढलात. त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली तेव्हा आकडे नाण्याच्या छाप्यासारखे उमटले, नि तुमच्या चेहऱ्यावर पोराला शंभर मार्क पडल्यासारखं काहीतरी आलं. हँडब्रेक ओढून चढावर उभी करून दाखवलीत.

तरी साहेबांनी मागच्या दिव्याची तडकलेली काच बघून परत पाठवलं. मी वैतागलो. तुम्ही मात्र खूश! "बराबर देखा उसने." दोन दिवसांनी काच बसवून पुन्हा गेलो, झालं.

आता तुम्ही गॅरेज बंद करताय असं ऐकलं. मेच्या 44 डिग्रीत गाडीखाली झोपायचं वय नाही, हे मान्य. पण त्या दिवशी तुम्ही वहीतली माझ्या गाडीची पानं दोऱ्यानं शिवून माझ्या हातात दिलीत, तेव्हा मला काही बोलता आलं नाही. बाकीच्या पानांचं काय करणार, हेही विचारायचं राहिलं. रद्दीत देऊ नका. परभणीत अजून कितीतरी जण 46,000 वाल्या पांढऱ्या गाड्या बघत फिरत असतील.

आईचं दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. ती पुढच्या सीटवर बसून आता पाट्या वाचते आणि मी किती जोरात चालवतो ते सांगते.

मागच्या आठवड्यात 1,31,400 ला प्लग बदलले. लिहून ठेवलंय. मागच्या डाव्या चाकातून खरखर येतेय, बेअरिंग असावं. रविवारी उरुसाच्या मैदानाकडून येतो. गॅरेज बंद असलं तरी घरासमोर कान लावून सांगाल एवढी आशा आहे.

तुमचा,
लाल आठशेवाला