डीव्हीडीचा दोष, तपासणी मात्र सीडीवर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील यूएसबी डीव्हीडी रायटर दुरुस्त न करता 'ओके' शेरा मारून परत पाठवल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा हा रायटर मी साताऱ्यातील माझ्या छोट्या फोटो स्टुडिओसाठी घेतला. लोक लग्नाच्या जुन्या डीव्हीडी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला येतात, त्यासाठीच. वॉरंटी अजून शिल्लक आहे. बिलाची आणि जॉब शीटची प्रत सोबत जोडली आहे.

सीडी टाकली की लगेच चालते. डीव्हीडी टाकली की आधी जोरात फिरते, मग मंदावते, आतून टिकटिक ऐकू येते, पुन्हा फिरते आणि शेवटी स्क्रीनवर 'डिस्क घाला' असा संदेश. अहो, डिस्क आतच आहे! घरी रेकॉर्ड केलेल्याच नव्हे, तर सिनेमांच्या विकतच्या छापील डीव्हीडींचीही हीच गत. याच सगळ्या डीव्हीडी स्टुडिओतल्या जुन्या ड्राइव्हवर विनातक्रार चालतात.

आपल्या हेल्पलाइनने सांगितले ते सगळे करून झाले. हब काढून रायटर थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टला जोडला, वीज कमी पडू नये म्हणून दोन तोंडांची केबल लावली, डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल करून पाहिला, लेन्स क्लीनर फिरवला, दुसऱ्या लॅपटॉपला लावला. फरक शून्य.

मग सर्व्हिस सेंटरला दिला. तिथून आलेल्या जॉब शीटवर लिहिले आहे: 'ऑडिओ सीडी लावून तपासले. ड्राइव्ह ओके. ग्राहकाच्या डिस्क खराब.' सीडी चालते हे तर मीच तक्रारीत लिहून दिले होते. सीडी वाचायला 780 नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला 650 चा. एक निकामी झाला तरी दुसरा काम करत राहतो. तेव्हा सीडीवर गाणे वाजले म्हणून डीव्हीडीचा भाग ठीक आहे, असे आपल्या इंजिनिअरने कशावरून ठरवले? आणि डिस्क खराब म्हणायच्या, तर त्यांनी माझी एकही डीव्हीडी मागितली नव्हती.

माझी मागणी अशी: छापील आणि रेकॉर्ड केलेली, अशा दोन्ही डीव्हीडी लावून माझ्यासमोर तपासणी करा. दोष दिसला तर ड्राइव्ह बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. पाठवण्याचा कुरिअर खर्च या वेळी मी भरणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती मला साताऱ्यातच दाखल करता येते. स्टुडिओसाठी घेतला म्हणून मी ग्राहक नाही, असा मुद्दाही काढू नये. स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी वस्तू घेणारा या कायद्यात ग्राहकच आहे.

उत्तर ईमेलने पाठवावे. फोनवर दर वेळी कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला सांगतात.

आपला,
एक ग्राहक, सातारा