आखाजीची घाई चुन्याला सोसणार नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्टेशन रोडवरचं जुनं हॉटेल नव्या मालकांनी विकत घेतलं असून ते ‘पूर्वीच्याच थाटात’ येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उघडणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. बातमी पेढे वाटण्यासारखी आहे. कित्येक वर्षं त्या दाराला कुलूप, सज्ज्यावर पिंपळ आणि ओट्याला टेकलेली मोबाइल कव्हरांची हातगाडी, हे बघून डोळे विटले होते. पण बातमीच्या शेवटी ‘जुने प्लास्टर पूर्ण काढून सिमेंटचे मजबूत प्लास्टर व सर्व खोल्यांना पीओपीचे छत’ असं वाचलं आणि चहा तसाच गार झाला.

मी सरकारी बांधकामावर ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो. पण त्याच्या आधी मी गवंड्याचा पोरगा. वडील दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्या हॉटेलात डागडुजीला आणि पांढरीला जायचे, मी चाळणी धरायला. रुईचा हंगाम सुरू झाला की मुंबईचे दलाल तिथे उतरायचे, त्याच्या आत काम संपवावं लागे. मला आठवतो तो तिथला गारवा. बाहेर उन्हानं टाळू भाजायची आणि आत पाऊल टाकलं की मातीच्या माठात शिरल्यासारखं वाटायचं. सागवानी जिना, रंगीत सिमेंटच्या फरश्या, वरच्या झरोक्यांना लाल-हिरव्या काचा. दुपारी त्या काचांचा उजेड फरशीवर पडला की खरी नक्षी कुठली आणि उजेडाची कुठली, कळत नसे.

वडील कामाला हात लावण्याआधी सगळ्या भिंतींवरून फिरायचे, बोटाच्या पेरानं टकटक करत. जिथे आवाज बद्द येईल तिथे कोळशानं गोल. तेवढंच काढायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. ‘भीत बोलस भो, कान लाव,’ म्हणजे भिंत बोलते बाबा, असं म्हणायचे. मला तेव्हा हसू यायचं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे मी उगाच शहाणपणा शिकवतोय असं मालकांना वाटणार नाही. १९८७ साली एका गावचं इंग्रजी अमदानीतलं विश्रामगृह माझ्याकडे दुरुस्तीला आलं. मी काय केलं? हेच. चुना साफ खरवडून काढला, एकास चारचं सिमेंट मारलं, वर ऑइलपेंट. बिल निघालं, साहेब खूश. तिसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतींना कमरेएवढा लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला. प्लास्टरचे पत्रे सुटून खाली येत होते, आणि नुसते येत नव्हते, विटांची तोंडं सोबत घेऊन येत होते. वडील तेव्हा थकले होते, तरी बघायला आले. बोलले काहीच नाहीत. एकदा पेर मारलं आणि माझ्याकडे बघितलं.

कारण साधं आहे. जुन्या बांधकामात जोत्याखाली ओल अडवायला काही नसतं. जमिनीची ओल विटेत चढते आणि चुन्यातून बाहेर उडून जाते. चुना श्वास घेतो म्हणतात ते हेच. वर सिमेंट थापलं की ओलीला वाट उरत नाही. मग ती वर सरकते, सोबतचे क्षार सिमेंटच्या मागे साचतात, त्यांचे खडे फुगतात आणि वीट आतून फोडतात. सिमेंट मजबूत असतं यात शंकाच नाही. इथे ते विटेपेक्षा मजबूत आहे, हीच अडचण आहे.

दुसरी गोष्ट मुहूर्ताची. आखाजी हा आपला खानदेशी माणसाचा मोठा सण, माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, सगळं खरं. पण आखाजीला उघडायचं म्हणजे गिलावा फाल्गुन-चैत्रात करणार. त्या उन्हात चुना धरण्याआधीच सुकतो आणि त्याची भुकटी होते. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कर्बवायू ओढून हळूहळू परत दगड होतो, आणि तोवर त्याला ओलावा लागतो. पातळ थर, प्रत्येक थराला दिवस, वर ओलं गोणपाट. कळीचा चुना विझवून पाण्याखाली निदान महिनाभर मुरवायचा तो वेगळाच. वाळू, विटांची भुकटी म्हणजे सुरखी, गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळ घालून, दगडी चाकाच्या घाणीत बैल फिरवून मळलेला. हे काम पावसाळा सरल्यावर कार्तिकात सुरू करून माघापर्यंत करायचं. आपल्याकडे सगळं मार्चअखेरच्या बिलावर चालतं, पण चुन्याला आर्थिक वर्ष कळत नाही.

मुंबईच्या ताजकडे पैशाची आणि माणसांची काय वाण होती? तरी नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर तिथली १९०३ ची जुनी इमारत पुन्हा उघडायला ऑगस्ट २०१० उजाडला. एकवीस महिने. आपण सहा महिन्यांत करू म्हणतो. आणि लक्षच दिलं नाही तर काय होतं तेही मुंबईतच दिसतं. काळाघोड्याचं वॉटसन हॉटेल, इंग्लंडहून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर उभं राहिलेलं. ७ जुलै १८९६ ला आपल्या देशात पहिल्यांदा चलच्चित्रं दाखवली गेली ती तिथेच. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्यांचे कप्पे झाले, गाळ्यांमागे गाळे, आणि इमारत मोडकळीला आली.

नीट करायला जाऊन बिघडवणं कसं असतं, ते बघायला तर मुंबईलाही जायला नको. जळगावहून अजिंठा तास-दीड तासावर आहे. तिथली चित्रं टिकावीत म्हणून निजाम सरकारनं १९२० च्या सुमारास इटलीहून जाणकार आणले. त्यांनी पोपडे धरणारं रंगकाम चिकटवून बसवलं, ते चांगलंच केलं, पण वर लाखेचं वार्निश दिलं. वार्निश काही वर्षांनी पिवळं-काळपट पडलं आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनवाल्यांना ते काढत बसावं लागलं. तीही माणसं त्या काळची नावाजलेलीच होती.

मी काही जुन्याचा वेडा भक्त नाही. संडास नवेच हवेत, वायरिंग पूर्ण बदलायलाच हवं, स्वयंपाकघरात जुनी चूल ठेवा असंही माझं म्हणणं नाही. पण पीओपीचं छत कशासाठी? त्या खोल्यांची उंची सोळा फूट आहे, आणि ती शोभेसाठी ठेवलेली नाही. तापलेली हवा वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. मधे छत टाकून झरोके बुजवायचे, मग एसी लावायचा आणि विजेच्या बिलानं घाम फुटला की पुन्हा एसी वाढवायचा, असा तो हिशेब होणार.

पैसे असतील तर आधी पन्हळी आणि गटार करा. सगळ्या इमारतींचा शत्रू पाणी. हॉटेलच्या ओट्याला माझ्या लहानपणी पाच पायऱ्या होत्या, मी त्या मोजत चढायचो. परवा गेलो तर दोन उरल्यात. पायऱ्या कोणी काढल्या नाहीत. दर डांबरीकरणाला रस्ता वर आला, जोतं तिथेच राहिलं, आता पहिल्या पावसाचं पाणी थेट उंबऱ्याशी. हे काम मालकांचं एकट्याचं नाही, रस्ता करणाऱ्यांचंही आहे. आधीचा थर खरवडून मग नवा टाकायचा असतो, हे निविदेत लिहिलेलं असतं. मीच लिहीत असे.

चुन्याचं काम जाणणारे हात आता मिळत नाहीत, असं कंत्राटदार म्हणतील. कमी झालेत हे खरं. महाग पडेल हेही खरं. पण जुन्या गिलाव्याचा मुठीएवढा तुकडा घेऊन त्यात चुना किती, वाळू किती, सुरखी किती हे तपासून तसंच मिश्रण करता येतं. त्याला काही फार मोठी विद्या लागत नाही, धीर लागतो.

आणि घाणी नाही म्हणून अडत असेल, तर आमच्या गावी वडिलांच्या घाणीचं दगडी चाक पारावर पडून आहे. म्हातारी माणसं संध्याकाळी त्यावर बसतात. त्यांना मी समजावतो. मालकांनी फक्त ट्रॅक्टर आणि सहा माणसं पाठवावीत, चौघांना ते उचलत नाही.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर
(नाव छापू नये. वाचून गावातले ओळखतीलच.)