गावात काय होणार आहे, ते गावाला आधी कळू द्या

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे दुखणं एका नगरपरिषदेचं नाही, आणि हे पत्र वाचून एखाद्या कारकुनाला नोटीस निघावी अशी माझी इच्छाही नाही.

आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे. गेली अकरा वर्षं दर मंगळवारी, म्हणजे आमच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी नऊच्या आत मी त्यावर गावाच्या आठवड्याच्या बातम्या लिहिते. कुठल्या भागात पाणी कधी, लसीकरण कुठल्या अंगणवाडीत, कोणाकडे द्वारदर्शन म्हणजे दुखवट्याची भेट, कोणाची गंधमुक्ती म्हणजे मृत्यूनंतरचा विधी, कुठल्या शाळेचं स्नेहसंमेलन, हरवलेली म्हैस, बसस्टँडवर सापडलेली पिशवी. बाजाराला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्या आयाबाया मला खिडकीतून विचारतात, "काय लिखेल शे वं ताई?" मग मी बाहेर येऊन वाचून दाखवते.

या फळ्यावरची सगळ्यात अवघड ओळ नगरपरिषदेची असते. गंधमुक्तीची वेळ घरची माणसं दुःखातही येऊन सांगून जातात. शाळेचा शिपाई चिठ्ठी आणून देतो. यात्रेची मंडळी पत्रक ठेवून जातात. पण जिथे गावाचा कर जमा होतो आणि जिथून गावाचं पाणी सुटतं, त्या कार्यालयाची बातमी मिळवायला मला खिडकी-खिडकीला फिरावं लागतं. पाणीपुरवठ्यावाले म्हणतात, साहेबांना विचारा. साहेब बैठकीला जळगावला गेलेले असतात. आवक-जावकला बसणारी मुलगी बिचारी म्हणते, "ताई, अर्ज देऊन ठेवा." अर्जाचं उत्तर येईपर्यंत तीन बाजार होऊन जातात.

मंत्रीमहोदय, माझी मागणी एवढीच आहे की राज्यातल्या प्रत्येक नगरपरिषदेने आणि नगरपंचायतीने दर आठवड्याला एक पान काढावं. पुढच्या आठ दिवसांत गावात काय होणार आहे, ते त्या पानावर असावं. होऊन गेलेल्याचा अहवाल नंतर केव्हाही निघू शकतो. होणार असलेलं आधी कळलं पाहिजे.

असं का म्हणते, ते सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई ही देवी बसते. खानदेशातल्या घरांसाठी हा दिवाळीएवढा सण आहे. सुरत, पुणे, नाशिक, जिथे कुठे भाऊबंद पोटासाठी गेलेत तिथून ते मुलाबाळांसकट गावी येतात. एकेका घरात तीस-चाळीस माणसं असतात. रोट, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. काही वर्षांपूर्वी याच रविवारी आमच्या अर्ध्या गावाच्या नळाला पाणी आलं नाही. मुख्य जलवाहिनीला मोठी गळती होती आणि दुरुस्ती शनिवारी काढली होती. दुरुस्ती गरजेचीच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती करायची हे बुधवारीच ठरलेलं होतं. आदेशाची प्रत मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, त्यावर बुधवारची तारीख होती. बुधवारी ठरलेली गोष्ट गावाला रविवारी सकाळी कोरड्या नळाने सांगितली. लोकांना कळलं असतं तर गुरुवारच्या पाण्यात हंडा-बादल्या जास्तीच्या भरून ठेवल्या असत्या. कुणीतरी कार्यालयात जाऊन म्हणालंही असतं की साहेब, मंगळवारी करा, कानबाई आहे. त्या दिवशी टँकरवाल्यांनी दुप्पट भाव घेतला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आक्का, ज्यांनी देवीपुढे कधी आवाज चढवला नाही, त्या अंगणात बसून रडल्या. सुरतेहून आलेल्या नातसुनांना आंघोळीला पाणी देता आलं नाही, याची त्यांना लाज वाटत होती. चूक कुणाची आणि लाज कुणाला.

हे सणाचं झालं. रोजचं याहून जड आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी सहा-सात दिवसांनी येतं, आणि गिरणा धरणाच्या आवर्तनावर जगणाऱ्या गावांना हे नवीन नाही. धरणातून पाणी सुटतं, कोरड्या पात्रातून खाली येतं, बंधारे भरतात, मग कुठे टाक्या भरतात. या प्रवासात एखादा दिवस मागेपुढे होणारच. पण तो मागेपुढे झाल्याचं ज्यांना कळलं पाहिजे त्या बायका कुठे असतात? शेतात मजुरीला, केळीच्या घडांना. पाणी आज येईल की उद्या हे माहीत नसलं की घरातली एक बाई रोज बुडवून घरी थांबते. पाणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशीही थांबते. मग ज्या दिवशी ती नाइलाजाने कामावर जाते, त्या दिवशी पाणी येऊन जातं. आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त बायकांना तोंडपाठ असलेला नंबर वॉलमनभाऊंचा, म्हणजे नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाचा आहे. तो माणूस रात्री अकरालाही फोन उचलतो, म्हणून आमचा भाग चालतो. एका सरकारी यंत्रणेचं काम एका साध्या माणसाच्या भलेपणावर का अवलंबून असावं?

बातमी नसली की तिची जागा अफवा घेते. दोन पावसाळ्यांपूर्वी मोबाईलवर एक मेसेज फिरला की टाकीत काहीतरी मेलेलं सापडलंय, नळाचं पाणी पिऊ नका. ज्याला परवडलं त्याने जार आणले. ज्याला परवडलं नाही त्याने तेच पाणी भीत भीत प्यायलं. टाकी साफ केली होती, एवढंच झालं होतं. पण कार्यालयाकडून दोन दिवस एक ओळ आली नाही. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, तेही मुकादमाच्या तोंडी सांगण्यावरून.

कायदा काय सांगतो तेही मी वाचलंय, कारण वाचनालयात आम्हाला दुसरं काम काय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ बहुतेकांना अर्ज करण्यापुरता माहीत आहे. त्याचं कलम ४ मात्र अर्जाची वाट बघायची नाही असं सांगतं. सतरा बाबी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या, त्याही कायदा झाल्यापासून १२० दिवसांत. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी वस्तुस्थिती प्रसिद्ध करायची. माहिती पोचवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातली सगळ्यात परिणामकारक पद्धत लक्षात घ्यायची. माहिती पोचवणं म्हणजे काय, हे समजावताना कायद्याने सूचनाफलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा आणि इंटरनेट ही नावं घेतली आहेत. जाहीर घोषणा म्हणजे आपली दवंडीच की! माझ्या लहानपणी नगरपालिकेचा माणूस चौकात डफडं वाजवून पाण्याची, कराची, कुत्र्यांच्या इंजेक्शनची दवंडी द्यायचा. कायद्याला ती मान्य आहे. ती बंद आपण केली. आमच्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर त्या सतरा बाबींची फाईल आहे, पण तिच्यातले माहिती अधिकारी बदली होऊन गेल्याला काही वर्षं झाली.

न कळण्याची किंमत पैशातही मोजावी लागते. दर चार वर्षांनी मालमत्ता कराची फेरआकारणी होते आणि हरकतींसाठी मुदत असते. मागच्या वेळी ती नोटीस ज्या वर्तमानपत्रात आली, ते आमच्या वाचनालयातसुद्धा येत नाही. पत्र्याच्या दोन खोल्या असलेल्या एका विधवा बाईंची आकारणी स्लॅबच्या घरासारखी झाली. त्या बिल घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा मुदत कधीच संपली होती. "माले कोणी सांगंच नही," एवढंच त्या म्हणत राहिल्या. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड चढतो. न सांगितल्या गेलेल्या मुदतीची शास्ती त्यांनी भरली. विकास आराखड्याचंही असंच आहे. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतीला ३० दिवस. आपल्या वाड्यावरून रस्ता जातोय हे माणसाला एकतिसाव्या दिवशी कळलं तर त्या कायद्याचा त्याला काय उपयोग?

२०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांच्या बहुतेक सभागृहांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते. चांगला प्रशासक असेल तिथे कामंही झाली. पण विचारायला गल्लीतला नगरसेवक नव्हता, आणि सभा नव्हती म्हणून सभेची बातमीही नव्हती. या काळात गावाची विचारायची सवयच मोडली. डिसेंबर २०२५ च्या मतदानानंतर आता गावोगाव नवी सभागृहं बसली आहेत. नगरपरिषदेची सभा लोकांना बसून ऐकता येते हे आमच्या कॉलेजातल्या मुलांना मी सांगितलं, तेव्हा त्यांना खरं वाटलं नाही. सभेची तारीख आणि विषयपत्रिका त्या साप्ताहिक पानावर आली, तर ती मुलं येतील. नगरसेवकही तयारी करून येतील, असा माझा विश्वास आहे.

हे जमण्यासारखं आहे का, असं तुमचे अधिकारी विचारतील. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. दैनिक! मुलांना शिकवायचं, त्यांचं आजारपण काढायचं आणि त्यातून रोजचा अंक लिहायचा. पुढे १९३८ साली त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिकही सुरू केलं. ज्या खानदेशात एका वसतिगृहाला हाताने लिहिलेलं दैनिक मिळू शकलं, त्या खानदेशात संगणक आणि कर्मचारी असलेल्या नगरपरिषदेला आठवड्याचं एक पान जड जाऊ नये.

खर्च मी मांडून पाहिला. आमच्याकडे ए-थ्री कागदाची झेरॉक्स दहा रुपयांना होते. बसस्टँड, बाजार, दवाखाना, रेशन दुकानं, शाळा, मंदिर-मशिदीजवळचे चौक अशा चाळीस ठिकाणी लावायची तर आठवड्याला ४०० रुपये, वर्षाला २०,८०० रुपये. स्वागताच्या एका कमानीला याहून जास्त लागतात.

शिवाय आपल्याकडे घंटागाडी आहे. तिच्यावर भोंगा आहे आणि ती प्रत्येक गल्लीत जाते, जिथे वर्तमानपत्र जात नाही तिथेही जाते. स्वच्छतेचं गाणं वाजतंच, त्याच्या आधी दोन मिनिटं त्या पानावरच्या बातम्या वाचून वाजवा. आमच्याकडे अहिराणीत, यावल-रावेरकडे लेवा गणबोलीत, नवापूरला मावचीत, तळोद्याला भिलीत, धडगावला पावरीत. आवाजही गावातल्याच एखाद्या मुलीचा घ्या. आपल्या बोलीत, ओळखीच्या आवाजात, "उद्या पाणी येवाव नही" असं ऐकलं, तर बाई निर्धास्तपणे कामावर जाईल. वाईट बातमीही वेळेवर मिळाली तर माणूस सोसतो, हे मी अकरा वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या चेहऱ्यांवर पाहिलंय.

त्या पानावर फोटो नकोत, वाढदिवस नकोत, कुणाच्या शुभहस्ते हेही नको. पाणी, दुरुस्त्या, रस्ता कुठे खोदणार आणि कधी बुजवणार, सभा, ठराव, निविदा, हरकतींच्या मुदती, शिबिरं. मूल जन्मल्यावर २१ दिवसांत नोंद केली तर फी लागत नाही, असल्या कामाच्या चार ओळी. आणि खाली थोडी जागा गावासाठी: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीकाठच्या झाडांवर झोके बांधणार असतील तर ते, यात्रेचा मार्ग बदलला असेल तर तो, कुणाची गंधमुक्ती. नगरपरिषदेची बातमी आणि गावाची बातमी एका कागदावर आली की लोक दोन्ही वाचतात.

तालुक्याच्या साप्ताहिकांचं नुकसान होईल, अशी शंका कुणी काढेल. मला तसं वाटत नाही. आमच्याकडचे साप्ताहिकवाले भाऊ एकटेच बातमी आणतात, एकटेच छापतात आणि मोटरसायकलवर एकटेच वाटतात. त्यांना दर सोमवारी अधिकृत माहितीचा कागद हातात मिळाला, तर त्यांचा वेळ त्या माहितीची शहानिशा करण्यात जाईल. गावाला त्यांची गरज त्यासाठीच आहे.

मंत्रीमहोदय, यासाठी नवा कायदा लागत नाही. तुमच्या विभागाचं एक परिपत्रक पुरे: पान दर सोमवारी संध्याकाळपर्यंत निघालंच पाहिजे, खाली मुख्याधिकाऱ्यांची सही पाहिजे, आणि ज्या आठवड्यात निघालं नाही त्याचं कारण पुढच्या पानावर छापलं पाहिजे. हे परिपत्रक श्रावण लागण्याआधी निघालं, तर कानबाईच्या आधीचा सोमवार हाती लागेल. पहिल्या पानाची प्रत मी स्वतः जाऊन आणीन आणि आक्कांना वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल
जळगाव जिल्हा, खानदेश